संस्थांचं उघडं दप्तर

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झालं, तेव्हा संस्था कशी चालवावी हे सांगणारा कायदाच देशात नव्हता. वर्गणीदार जमवायचे, चार शहाण्यासुरत्यांनी कारभार पाहायचा आणि वर्षाअखेरीला जमाखर्च मांडायचा, एवढीच तेव्हाच्या अशा संस्थांची पद्धत. विश्वास होता तो माणसांवर. माणसं गेली की कारभाराची माहितीही त्यांच्याबरोबर जायची.

वीस वर्षांनी, १८६० मध्ये, संस्था नोंदणीचा अधिनियम आला. जेमतेम वीस कलमांच्या या कायद्यात एकोणिसावं कलम आज वाचतानाही थक्क करतं. निबंधकाकडे दाखल झालेली कुठल्याही संस्थेची कागदपत्रं कोणीही, एक रुपया भरून, पाहू शकेल. नक्कल हवी असेल तर दर शंभर शब्दांना दोन आणे. तेव्हाचा रुपया काही थोडा नव्हता. पण तत्त्व मोठं होतं: पाहणारा सभासद असायला हवा, देणगीदार असायला हवा, अशी अटच नाही. सार्वजनिक कामासाठी काढलेल्या संस्थेचं दप्तर सर्वांना उघडं, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे आणि तिचा आपल्याला इतका विसर पडावा, हे खेदाचं आहे.

नाशिकमध्ये पुढे एकेक संस्था उभी राहत गेली. पंचवटीचा पांजरापोळ १८७८ चा. मराठा विद्या प्रसारक समाजाची सुरुवात १९१४ ची. प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांची गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. तिचं हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय नाशकात १९२४ साली उघडलं. या संस्थांकडे निदान सभासद होते, घटना होती, सभा होत्या. देवस्थानांची आणि धर्मादाय निधींची गोष्ट वेगळी. तिथला कारभार बिघडला, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं ब्याण्णवावं कलम हा मुख्य मार्ग: हितसंबंध असलेल्या किमान दोघांनी पुढे यायचं, सरकारी परवानगी मिळवायची आणि मग दावा लावायचा. रामकुंडावर येणाऱ्या साध्या भाविकाला हे कुठून झेपणार?

मुंबई प्रांतात १९३५ साली सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा कायदा झाला होता. स्वातंत्र्यानंतर न्या. तेंडोलकर यांच्या समितीने धर्मादाय संस्थांच्या कारभाराचा विचार केला आणि १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला. नोंदणी सक्तीची झाली, दरवर्षीचं ऑडिट आलं, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय उभं राहिलं. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि पारशी पंचायतीचे विश्वस्त त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात कायद्याचा बराचसा सांगाडा टिकला. मात्र मंदिर-मठांवर खुद्द धर्मादाय आयुक्तांना विश्वस्त नेमण्याची मुभा न्यायालयाने रद्द ठरवली. सरकारने हिशोब पाहावा, पण गाभाऱ्याचा ताबा घेऊ नये, हा तो तोल. तो योग्य होता.

या कायद्याने दिलेला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ‘शेड्यूल वन’, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा (पीटीआर) उतारा. जमिनीला जसा सातबारा, तसा संस्थेला हा उतारा. संस्थेचं नाव, विश्वस्तांची नावं, पुढचा विश्वस्त कसा नेमायचा याची रीत, उद्देश, जंगम आणि स्थावर मालमत्ता, सगळं रकान्यांत. नोंदणी क्रमांकाआधीचं अक्षरही बोलतं: ‘ए’ म्हणजे हिंदू धार्मिक न्यास, ‘बी’ मुस्लिम, ‘एफ’ म्हणजे १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था. निवडणूक होऊन नवं मंडळ आलं की नव्वद दिवसांत कलम २२ खाली ‘चेंज रिपोर्ट’ द्यायचा. तो मंजूर होऊन उताऱ्यावर नवी नावं चढेपर्यंत हार-तुरे झालेला अध्यक्षही बँकेत अडतो, कारण बँक उतारा मागते. जागा विकायची, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची, तर कलम ३६ खाली आधी परवानगी.

हे सारं कळायचं कुणाकडून? कित्येक दशकं उत्तर ठरलेलं होतं: ट्रस्टची कामं करणारे वकील, ऑडिट करणारे सीए आणि शेजारच्या जुन्या संस्थेचे अनुभवी चिटणीस. त्यांचे उपकार मोठे आहेत. तरीही कायदा ऐकीव राहिला आणि तालुक्याच्या गावातल्या लहान मंडळाला ‘दिलेल्या जागी सही करा’ एवढंच कळलं.

आता कायदा, नियम आणि अर्जांचे नमुने धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर आहेत. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर देशभरच्या संस्थांची नोंद दिसते. मुंबईत १९८६ पासून काम करणारं सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी संस्थांसाठीचे कायदे उलगडून सांगतं. पण शोधणाऱ्याची खरी गफलत पुढे होते. द्विभाषिक मुंबई राज्य १९६० मध्ये विभागलं, तेव्हा १९५० चा हाच अधिनियम गुजरातकडेही गेला आणि दोन्ही राज्यांनी त्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या. कलमाचा क्रमांक तोच, मजकूर मात्र निराळा असू शकतो. दिल्लीहून मिळालेला सल्ला तर इथे अर्धाच लागू पडतो. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदली, तरी ती १९५० च्या कायद्याने सार्वजनिक न्यासही ठरते. दिल्लीत असा कायदाच नाही. म्हणून नाशिकच्या चिटणिसाने कुठलीही माहिती वाचताना आधी राज्य पाहावं आणि मग तारीख.

तारखेचं महत्त्व आयकरात जास्त कळतं. करमाफी देणाऱ्या नोंदणीबद्दलचं ‘१२ए एकदा मिळालं की कायमचं’ हे वाक्य एके काळी खरं होतं. १ एप्रिल २०२१ पासून ते खोटं झालं. जुन्या संस्थांनाही फॉर्म १०ए भरून पुन्हा नोंदणी करावी लागली आणि नोंदणीला मुदत आली. देणगीची पावती पूर्वी संस्थेच्या पावतीपुस्तकातून फाटायची. आता करसवलतीसाठी संस्थेला फॉर्म १०बीडी भरावा लागतो आणि देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र आयकर विभागाच्या पोर्टलवरूनच निघतं. त्यातही २०२५ चा नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. म्हणजे कलमांचे पाठ झालेले आकडेसुद्धा पुन्हा तपासायचे.

याच काळात आणखी एक दार उघडलं, आणि नाशिकसारख्या शिक्षणसंस्थांच्या शहराला ते फार जवळचं आहे. १७ सप्टेंबर २०१९ रोजी डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारकडून मोठ्या प्रमाणावर आर्थिक साहाय्य घेणारी खासगी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. साहाय्य ‘मोठं’ आहे का, हे त्या त्या संस्थेच्या परिस्थितीवरून ठरवायचं. ज्या अनुदानित संस्थेला हा निकष लागू पडतो, तिच्या कारभाराबद्दल पालक, माजी विद्यार्थी किंवा वाटेवरचा कोणीही नागरिक लेखी अर्ज देऊ शकतो, आणि संस्थेच्या माहिती अधिकाऱ्याने त्याला तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं.