१४. स्टॅक्स

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी चालवलेली ध्वनिमुद्रण कंपनी. १९५७ साली ‘सॅटेलाइट’ नावाने सुरू झाली, १९६१मध्ये ‘स्टॅक्स’ झाली, १९७५मध्ये दिवाळखोरीत निघाली. ओटिस रेडिंग (१९४१–१९६७) इथलेच गायक. या कंपनीला दक्षिणी सोल संगीताचे मूळपीठ मानले जाते, ते रास्तच आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा खप मोठा होता, त्यापुढे स्टॅक्सचा प्रभाव तो काय, असा आक्षेप घेतला जातो. पण खपावरून त्या काळची लोकप्रियता कळते; प्रभाव पुढच्या पिढीने काय उचलले यावरून जोखावा लागतो. स्टॅक्सच्या गायिका वेंडी रेने यांच्या १९६४च्या गाण्यातला तुकडा घेऊन न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या गटाने १९९३मध्ये ‘टिअर्झ’ रचले. स्टॅक्सच्याच आयझॅक हेज यांच्या १९७१च्या संगीतावर इंग्लंडच्या पोर्टिसहेड या गटाने १९९४मध्ये ‘ग्लोरी बॉक्स’ उभारले. असे तुकडे सुटे करता येतात, याचे श्रेय माझ्या मते स्टॅक्सच्या वादनशैलीला आहे. ‘बुकर टी. अँड द एमजीज’ या कंपनीच्या वादकचमूत, वंशभेदाने दुभंगलेल्या मेम्फिसमध्ये, कृष्णवर्णीय आणि गोरे वादक एकत्र वाजवत. ते मोजकेच सूर वाजवत आणि गायकाच्या आवाजाभोवती मोकळी जागा राखत.