परवाना कोणाला विचारून?

दारू पिणें हें पाप कीं रोग, ह्या प्रश्नाची चर्चा मराठी नियतकालिकांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ती येथें पुन्हां करण्याचा आमचा विचार नाहीं. ह्या लेखांत आम्ही पिणाराकडे न पाहतां कागदाकडे पाहणार आहों. दुकानाच्या भिंतीवर चौकटींत लावलेला तो सरकारी परवाना कोणी, कोणाला, आणि मुख्य म्हणजे कोणास विचारून दिला, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे. त्यासाठीं कर्जत तालुक्यांतील कळंब व त्याच्या आसपासचा मुलूख आम्ही डोळ्यांपुढें ठेवला आहे.

नेरळाहून कळंबाकडे जाऊं लागलें म्हणजे पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी दिसते. भोंवतीं ठाकूर व कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. रानांत साग व ऐन यांच्या जोडीला मोह आहे. फाल्गुन-चैत्रांत पहाटे मोहाचीं फुलें झाडाखालीं सांडतात. बायका-मुलें तीं वेंचून उन्हांत वाळवितात. हीं फुलें तंगीच्या दिवसांत पोटाला आधार देतात, बियांचें तेल निघतें, आणि लग्नकार्याच्या व देवकार्याच्या प्रसंगीं फुलांची दारू गाळण्याची चाल रानांतल्या लोकांत जुनी. झाड रानाचें, फूल वेंचणाराचें, भट्टी घरची, असा हा सरळ हिशेब होता.

हा हिशेब मोडला तो १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें. ‘आबकारी’ हा शब्द फारसी. आब म्हणजे पाणी. ह्या पाण्याची किंमत सरकारला पुरती उमगली होती. चार्लस प्रिचर्ड ह्या अधिकाऱ्यानें नवी पद्धति बसविली. गांवोगांवच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत गाळावयाची, ती बाहेर पडतांना तिच्या कसाप्रमाणें कर घ्यावयाचा, आणि विक्रीचा मक्ता ठराविक उत्पन्नाची हमी देणाऱ्या मक्तेदारास द्यावयाचा, असें तिचें स्वरूप होतें. ताडी काढावयाच्या झाडांवरही दर झाडामागें कर बसला, आणि त्याची झळ भंडारी समाजास विशेष लागली. कोंकणपट्टीची दारू गाळण्याचें मोठें ठिकाण उरण झालें. तेथील भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या होत्या, आणि त्यांना लागणारीं मोहाचीं फुलें पंचमहालासारख्या दूरच्या मुलखांतून येत. परिणाम असा झाला कीं, ज्याच्या वाडीवर मोहाचा सडा पडे त्यानें परक्या फुलांची दारू कर भरून विकत घ्यावी, आणि स्वतः गाळली तर गुन्हेगार ठरावें!

ह्या पद्धतीच्या बाजूनें सरकारचें म्हणणें असे कीं, दारू महाग केली म्हणजे पिणें कमी होतें, आणि भट्ट्या एके ठिकाणीं असल्या म्हणजे देखरेख राहते. ह्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या मक्तेदारानें सरकारास उत्पन्नाची हमी दिली, त्याला ती दारू विकूनच पुरी करणें भाग होतें. खप वाढला तर त्याचा फायदा, आणि खप घटला तर त्याच्या खिशास चाट. अशा माणसाकडून संयमाच्या प्रसाराची अपेक्षा करणें म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणें होय. दुकान कोठें असावें हें कचेरी ठरवी, त्याचें भाडें मक्तेदार भरी, आणि ज्या गांवांत तें उघडावयाचें त्या गांवास कोणी विचारीत नसे.

कर्जत तालुका पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता. १८९१ सालीं तो कुलाबा जिल्ह्यांत आला. जिल्हा बदलला, तथापि मोहाच्या झाडाचें नशीब बदललें नाहीं. कारण पुढच्याच वर्षीं, १८९२ त, मोहाच्या फुलांसंबंधींचा स्वतंत्र कायदा झाला, आणि तो ठाणें व कुलाबा ह्या दोन्ही जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. चोरून दारू गाळली जाऊं नये म्हणून फुलें बाळगण्यावरच बंधनें आलीं. भट्टीला परवाना लागावा हें एक वेळ समजूं शकतें. येथें झाडावरून आपोआप पडलेल्या फुलालाही कायद्याच्या परवानगीची गरज पडूं लागली. जें फूल कातकऱ्याच्या हंडींत अन्न म्हणून शिजत होतें, तें आतां पुराव्याचा मुद्देमाल झालें.

गांवाची संमति घ्यावी हा विचार तेव्हां कोणास सुचला नाहीं असें नाहीं. १८८० सालीं पुण्यांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं, तेव्हां नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनीं तिच्या अध्यक्षांस पत्र लिहून हरकत घेतली. १८८९ सालीं सॅम्युएल स्मिथ यांनीं विलायतेच्या पार्लमेंटांत हिंदुस्थानच्या आबकारी धोरणाचा निषेध करणारा ठराव आणला, आणि सरकारच्या विरोधास न जुमानतां तो मंजूर झाला. दुकान असावें कीं नसावें हें तेथील रहिवाशांनीं ठरवावें, ही मागणी त्या सुमारास इकडील सभांतूनही होऊं लागली. १९०८ त टिळकांच्या नेतृत्वाखालीं पुण्यांत दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. तरी परवान्याचा लिलाव चालूच राहिला. कारण तिजोरीला त्याची संवय लागली होती.

लोकनियुक्त मंत्री आल्यावर पारडें अगदीं दुसऱ्या टोकास गेलें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं खेर मंत्रिमंडळांतील डॉ. गिल्डर यांनीं मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली. स्वराज्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि १९५० च्या एप्रिलपासून बंदी सर्व राज्यभर पसरली. आतां दुकानाऐवजीं पिणाराला परवाना लागूं लागला. प्रकृतीच्या कारणास्तव दारू हवी असा डॉक्टरचा दाखला जोडून तो मिळवावा लागे. अशा परवानाधारकांसाठीं हॉटेलांत जी वेगळी खोली असे, तिचेंच नांव ‘परमिट रूम’. आज हमरस्त्यावर ही पाटी वाचणाऱ्यांपैकीं किती जणांना ठाऊक असेल कीं, हा शब्द दारूबंदीनें जन्मास घातला? त्या काळांत सधनांस दाखला मिळाला आणि गरिबांस हातभट्टी मिळाली. बंदी मोडणें सोपें झालें, कारण ती घालतांनाही गांवास कोणी विचारलें नव्हतें. पुढें बंदी सैल होत गेली, आणि १९७३ सालीं देशी दारूच्या विक्रीचे स्वतंत्र नियम झाले. गंमत ही कीं, आजचे परवानेदेखील त्याच दारूबंदीच्या कायद्याखालीं दिले जातात!

१९८१ सालीं कुलाब्याचें रायगड झालें. आज कळंबासारख्या ठिकाणीं कोणास परमिट रूम काढावयाची झाल्यास उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज करावा लागतो. शाळा व देवालय यांपासूनचें अंतर मोजलें जातें. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालापासून हमरस्त्यापासूनचें अंतरही मोजावें लागूं लागलें. प्रथम सरसकट ५०० मीटर, आणि २०१७ पासून २० हजारांपर्यंत वस्तीच्या गांवांना २२० मीटर. अंतर मोजावयास टेप पुरतो. मन मोजावयास काय पुरेल?

त्याचें उत्तर महाराष्ट्रानें २००८ च्या आदेशानें दिलें आहे. गांवांतील २५ टक्के स्त्री-मतदारांनीं मागणी केली, तर गुप्त मतदान घेतलें जातें. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं आडव्या बाटलीस कौल दिला, तर दुकान बंद होतें. येथें ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जी बाई मजुरीला गेल्यामुळें मतदानास येऊं शकली नाहीं, तिचें न दिलेलें मत उभ्या बाटलीच्याच पदरांत पडतें. वीटभट्टीवर सहा सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कातकरी बायकांच्या वाड्यांत ही अट किती जड आहे, हें सांगावयास नको.

२०२१ सालीं राज्य सरकारनें मोहाचीं फुलें वेंचणें, साठविणें व नेणें यांवरील निर्बंध उठविले. १८९२ त हिरावलेलें फूल रानाच्या धन्यास परत मिळण्यास १२९ वर्षें लागलीं. गाळण्यास परवाना अर्थात् अजूनही लागतोच, आणि तो लागूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कचेरीनें उत्पन्नाकडे पाहून दुकान दिलें आणि आदर्शाकडे पाहून बंदी घातली. दोन्ही वेळां ज्या घरांत त्याचे परिणाम पोंचावयाचे, त्या घराचें मत घेतलें नाहीं. तें घ्यावयाचें तर मतदानाचा दिवस वीटभट्टीचा हंगाम संपून माणसें वाडीवर परतल्यानंतरचा असावा, एवढी तरी सोय व्हावयास हवी. तोंपर्यंत आडव्या बाटलीचा हक्क कळंबच्या वाड्यांत कागदावरच राहील.