गिटहब ॲक्शन्स म्हणजे काय? काय बदललं, काय जपायचं?

डिप्लोमा, बीसीए किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरांच्या तोंडी 'गिटहब' हे नाव हमखास येतं. गिटहब म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, अर्थात कोड, ऑनलाइन ठेवण्याची जागा. ही कंपनी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. तिची 'ॲक्शन्स' ही सेवा नोव्हेंबर २०१९ पासून सर्वांसाठी खुली झाली.

काम कसं चालतं?
मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला की लाईट आल्यावर मोटार आपोआप सुरू होते. ॲक्शन्सचंही तसंच. कोडमध्ये बदल झाला की तपासणी करायची, वेबसाइट अपडेट करायची, अशा सूचना एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या. पुढचं काम कंपनीचे संगणक करतात. घरचा लॅपटॉप बंद असला तरी चालतं.

खर्च किती?
सर्वांना दिसणाऱ्या कोडसाठी साधे संगणक फुकट मिळतात. खासगी कोडसाठी मोफत खात्यावर महिन्याला २,००० मिनिटं मिळतात.

२०२५ मधले बदल
- जानेवारीत, सर्वांना दिसणाऱ्या कोडसाठी 'आर्म' प्रोसेसरचे लिनक्स संगणक मोफत देणं सुरू झालं. बहुतेक मोबाइलमध्ये याच जातीचा प्रोसेसर असतो.
- जानेवारीअखेर फाइल साठवण्याच्या 'आर्टिफॅक्ट' सोयीची तिसरी आवृत्ती बंद झाली. चौथी किंवा त्यापुढची वापरावी लागते.
- एप्रिलमध्ये उबुंटू २०.०४ चे संगणक काढून घेतले. जुन्या फाइलमध्ये हे नाव असेल तर काम अडतं, ते बदलावं.
- मार्चमध्ये 'टीजे-ॲक्शन्स' नावाच्या, बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या साधनात कुणीतरी घातक कोड घुसवला. ते २३,००० हून जास्त प्रकल्पांत वापरात होतं. काही प्रकल्पांचे पासवर्ड कामाच्या नोंदीत उघडे पडले. त्यानंतर ऑगस्टमध्ये, बाहेरचं साधन त्याच्या पूर्ण कमिट क्रमांकानेच वापरण्याची सक्ती करता येईल, अशी सोय आली.

वेळेचा घोळ
ठरलेल्या वेळेचं काम लावताना घड्याळ सहसा यूटीसीचं धरलं जातं. ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. सकाळी ६ वाजता काम व्हायचं असेल तर रात्रीचे १२.३० लिहावे लागतात. गर्दीच्या वेळी थोडा उशीरही होतो. शिवाय सर्वांना दिसणाऱ्या प्रकल्पात ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर असं काम आपोआप बंद पडतं.

हे मात्र जपा
पासवर्ड किंवा पेमेंटची की थेट कोडमध्ये लिहू नये, 'सीक्रेट्स' या कप्प्यात ठेवावी. चुकून उघडी पडलीच, तर नुसती ओळ खोडून भागत नाही, कारण जुन्या इतिहासात ती तशीच राहते. आधी ती की रद्द करावी, मग नवी घ्यावी.