वजन भागिले उंचीचा वर्ग

मोठ्या माणसाचे वजन योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी आज सर्वत्र एक साधे सूत्र वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ५६ किलो असेल, तर १.६ चा वर्ग २.५६ आणि उत्तर २१.९. याला शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणजेच बीएमआय म्हणतात. तो १८.५ ते २५ च्या दरम्यान असला की वजन ठीक, असा सर्वसाधारण संकेत आहे.

गणित शिकवणाऱ्याला इथे एक शंका यायला हवी. ठोकळ्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर त्याचे आकारमान आठपट होते. मग माणसाचे वजनही उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढायला हवे. सूत्रात वर्ग कुठून आला? त्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षे मागे, बेल्जियममध्ये जावे लागेल.

केतले यांचा सरासरी माणूस

आदोल्फ केतले (१७९६–१८७४) हे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. ब्रुसेल्सची वेधशाळा त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. एकाच ताऱ्याचे स्थान अनेकदा मोजले की उत्तरे थोडी थोडी वेगळी येतात, आणि त्यांची सरासरी खऱ्या स्थानाच्या जवळ जाते, हे खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक होते. केतले यांनी हीच पद्धत माणसांना लावली. असंख्य लोकांच्या उंची-वजनांच्या नोंदींतून त्यांनी ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली आणि १८३५ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

त्यांना असे आढळले की जन्मानंतर पहिल्या वर्षात वजन साधारणपणे उंचीच्या घनाप्रमाणे वाढते, पण पुढे वयात येण्याच्या सुमारापर्यंत ते वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगवेगळ्या उंचीच्या प्रौढांची तुलना केली, तरी वर्गच जवळचा ठरतो. कारण उंच माणूस म्हणजे बुटक्या माणसाची सर्व बाजूंनी मोठी केलेली प्रतिकृती नव्हे. तो उंचीच्या मानाने रुंदीत कमी वाढलेला असतो.

हे आपणही पडताळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार मुलग्यांची मध्यम उंची आणि वजन दोन वर्षांचे असताना सुमारे ८७ सेंटिमीटर व १२.२ किलो, पाचव्या वर्षी ११० सेंटिमीटर व १८.३ किलो, आणि दहाव्या वर्षी १३८ सेंटिमीटर व ३१.२ किलो असते. वजनाला उंचीच्या घनाने भागले तर १८.५, १३.७, ११.९ अशी उतरती उत्तरे येतात. वर्गाने भागले तर १६.१, १५.१, १६.४. म्हणजे बरीचशी स्थिर.

केतले यांना लठ्ठपणाशी काही देणेघेणे नव्हते. लोकसमूहाचे वर्णन करणे एवढाच त्यांचा हेतू होता.

विमा कंपन्यांची कोष्टके

वजनाचा आणि आयुष्याचा संबंध लावला तो विमा कंपन्यांनी. कोणता ग्राहक लवकर दगावेल, हा त्यांच्या धंद्याचाच प्रश्न. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४२–४३ मध्ये ‘आदर्श वजना’ची कोष्टके प्रसिद्ध केली आणि १९५९ मध्ये ती सुधारली. त्यांत लहान, मध्यम आणि मोठा असे अंगकाठीचे तीन प्रकार होते, पण अंगकाठी मोजायची कशी हे सांगितलेले नव्हते. शिवाय माहिती फक्त विमा उतरवणाऱ्यांची, आणि वजनात कपडे व पादत्राणेही धरलेली. तरीही डॉक्टरांनी ही कोष्टके भिंतीवर लावली.

मिनेसोटा विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांना ही पद्धत पटत नव्हती. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे घेतली, चिमट्यासारख्या उपकरणाने त्वचेच्या घडीची जाडी मोजून चरबीचा अंदाज केला, आणि उंची-वजनाचे कोणते सूत्र त्याच्याशी अधिक जुळते ते पाहिले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केतले यांचे सूत्र इतरांपेक्षा सरस किंवा निदान त्यांच्या बरोबरीचे ठरले. ‘शरीर-वस्तुमान निर्देशांक’ हे नाव कीज यांनीच दिले. मात्र चरबीतील माणसामाणसांतला फरक या सूत्राने जास्तीत जास्त निम्म्याच्या आसपास उलगडत होता, आणि अभ्यासात एकही स्त्री नव्हती.

वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी एवढ्यावर काम भागत असल्याने सूत्र झपाट्याने पसरले. नव्वदीच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने १८.५, २५ आणि ३० या सीमारेषा आखल्या. अमेरिकेत जादा वजनाची रेषा तोवर पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती. ती १९९८ मध्ये २५ वर आणली गेली, आणि एक ग्रॅमही वजन न वाढता कोट्यवधी माणसे ‘जादा वजनाची’ ठरली. धोका हळूहळू चढत जातो. त्यावर रेघ कुठे मारायची, हे माणसे ठरवतात.

एकच आकडा, दोन माणसे

या रेषा मुख्यतः युरोप-अमेरिकेतील माहितीवर आधारलेल्या होत्या. आपल्याकडे त्या लागू पडतात का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

याची मुळे जन्माआधीपर्यंत जातात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटही लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळपास तेवढीच होती. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुढे मधुमेहाला पोषक ठरते. त्यामुळे निर्देशांक २३ आला म्हणून निश्चिंत राहणारा माणूस धोक्यात असू शकतो. ‘लॅन्सेट’च्या त्याच अंकात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे जादा टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये जादा वजनासाठी २३ आणि लठ्ठपणासाठी २५ ही मर्यादा धरली, आणि कमरेचा घेरही पाहायला सांगितले: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत.

उलट बाजूची चूकही होते. तालमीत घाम गाळणारा १७५ सेंटिमीटर उंच, ९० किलोचा पैलवान घ्या. त्याचा निर्देशांक २९.४ येईल. काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

मग उपयोग काय?

समूहासाठी उपयोग निश्चित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत १८.५ पेक्षा कमी निर्देशांक असणाऱ्यांचे प्रमाण २०१५–१६ मध्ये २२.९ टक्के होते, ते २०१९–२१ मध्ये १८.७ टक्के झाले. त्याच काळात २५ किंवा त्याहून अधिक असणाऱ्या २०.६ वरून २४ टक्क्यांवर गेल्या. कुपोषण हटलेले नाही आणि लठ्ठपणा येऊन ठेपला आहे, हे इतक्या स्वस्तात दुसऱ्या कोणत्या मोजमापाने कळले असते?

एकट्या माणसासाठी मात्र हा आकडा चाळणीसारखा आहे. कोणाची अधिक तपासणी करावी, एवढे तो सुचवतो. निदान करायचे तर कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर आणि कुटुंबातील आजार हेही पाहावे लागतात. केवळ निर्देशांकावरून लठ्ठपणाचे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जानेवारी २०२५ मध्येही सांगितले.

शिक्षकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मुलांना २३ किंवा २५ ची रेषा लावायची नसते. वाढत्या वयात निर्देशांक आधी उतरतो आणि पाच-सहा वर्षांनंतर चढू लागतो, म्हणून वय आणि लिंग यांनुसार केलेले वाढीचे तक्तेच वापरावेत. दुसरे म्हणजे, आरोग्य तपासणीत आलेले वजन वर्गात मोठ्याने वाचू नये. वर्ग की घन हा प्रयोग वर्गात जरूर करा, पण त्यासाठी छापील तक्त्यातले आकडे घ्या. वजन जास्त किंवा कमी वाटणाऱ्या मुलाबद्दल पालकांशी आणि डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोला.