बोर्बन, मसीह आणि मगदूम

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भावाची थोरली मुलगी सांगलीहून आमच्याकडे आठ दिवस राहायला आली होती. संध्याकाळी चहा ठेवला आणि तिच्यापुढे बोर्बन बिस्किटांची बशी सरकवली. लहानपणापासून तिला तीच लागतात. बिस्किटाची वरची चकती काढून आतलं चॉकलेट आधी खायचं, ही तिची सवय अजून गेलेली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न आहे. खाता खाता तिने सहज विचारलं, "आत्या, तू लग्नानंतर मगदूमची जैन झालीस, तेव्हा तुला काहीच वाटलं नाही का गं?"

खरं सांगायचं तर तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी म्हटलं, "तेव्हा असं काही वाटून घ्यायची पद्धतच नव्हती." यावर ती हसली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. विषय बदलायचा म्हणून मी म्हणाले, "तू जे बिस्किट खातेस ना, ते एक आडनाव आहे. आणि त्या आडनावाचं घराणं आपल्या भोपाळमध्ये आहे." तिला वाटलं, आत्या थट्टा करतेय.

ती थट्टा नव्हती. टी. टी. नगरमध्ये राहायला आले तेव्हा शेजारच्या एका वयस्कर बाईंकडून मी हे पहिल्यांदा ऐकलं, आणि मलाही तेव्हा खरं वाटलं नव्हतं. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणून, थोडं थोडं वाचून जे हाती लागलं, ते भाचीला सांगितलं. तेच इथे लिहिते आहे.

बोर्बन (फ्रेंच लोक त्याचा उच्चार 'बुर्बों' असा काहीसा करतात) हे मुळात एका गावाचं नाव. फ्रान्सच्या मध्यभागी बोर्बन-लार्शांबो नावाचं गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. ख्रिस्ती धर्म येण्याआधी तिथले लोक बोर्वो नावाच्या झऱ्यांच्या देवतेला भजत, आणि गावाचं नाव तिच्यावरून पडलं असं मानतात. म्हणजे आपल्याकडे सांगलीवरून सांगलीकर आणि येवल्यावरून येवलेकर, तसाच हा प्रकार.

हे नाव राजघराण्याला कसं मिळालं, तो भाग मला फार आवडला. 1272 साली फ्रान्सचा राजा नववा लुई याचा धाकटा मुलगा रॉबेर याचं लग्न बेआत्रिस नावाच्या मुलीशी झालं. बोर्बनच्या जहागिरीची ती वारस होती, आणि तिलाही ती जहागीर आईकडून आलेली होती. पुढच्या पिढ्या बापाच्या नावाने ओळखल्या गेल्या नाहीत, त्या बेआत्रिसच्या जहागिरीच्या नावाने ओळखल्या गेल्या. तीनशे वर्षांनी, 1589 मध्ये, याच घराण्यातला चौथा हेन्री फ्रान्सचा राजा झाला. फ्रान्सच्या गादीवर बाईला बसता येत नव्हतं, बाईच्या बाजूने गादीवर हक्कही सांगता येत नव्हता. आणि त्या गादीवर बसलेल्या राजांचं नाव मात्र एका बाईच्या माहेरचं!

तिथून हे नाव जगभर पसरलं. 1700 साली ते स्पेनच्या गादीवर गेलं आणि आजही स्पेनचा राजा याच घराण्यातला आहे. नेपल्सलाही बोर्बन राजे होते. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाला पूर्वी बोर्बन बेट म्हणत, तिथल्या कॉफीच्या एका जातीला अजून बोर्बनच म्हणतात. अमेरिकेत या नावाचे जिल्हे आहेत, रस्ता आहे, दारूही आहे. आणि आपलं बिस्किट 1910 साली लंडनमधल्या एका कारखान्यात निघालं, त्यालाही या राजघराण्याचं नाव मिळालं. फ्रान्समध्ये मात्र क्रांती झाली तेव्हा सोळाव्या लुईला कैद करून त्याचं नावच काढून घेतलं. खटल्यात त्याला 'लुई कापे' म्हणत. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजाचं टोपणनाव आडनाव म्हणून त्याला चिकटवलं. 1793 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला तो याच नावाने.

आता भोपाळ. घराण्यात चालत आलेली कथा अशी: सोळाव्या शतकात झां फिलिप द बोर्बन नावाचा एक तरुण फ्रान्समधून परागंदा झाला आणि फिरत फिरत अकबराच्या दरबारी पोचला. बादशहाच्या एका ख्रिस्ती बेगमेच्या बहिणीशी, जुलियानाशी, त्याचं लग्न झालं. पुढे त्याच्या वंशजांना नरवरजवळ शेरगडची जहागीर मिळाली. नादिरशहाने 1739 मध्ये दिल्ली लुटली, त्यानंतर कुटुंब दिल्ली सोडून तिकडेच राहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस नरवरच्या राजाने गडावर हल्ला करून जवळजवळ सगळ्यांना मारलं. वाचलेले मोजके लोक ग्वाल्हेरमार्गे भोपाळला आले आणि नवाबाच्या चाकरीत शिरले.

भाचीचे डोळे मोठे झाले. मी तिला म्हटलं, थांब, ही कथा आहे. अकबराला अशी ख्रिस्ती बेगम होती याचा त्या काळचा ठाम पुरावा नाही, आणि झां फिलिप नेमका कुणाचा मुलगा हेही वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात. इतिहासकार या पहिल्या भागाकडे संशयाने बघतात. पण म्हणून कथा टाकून द्यावी असं मला वाटत नाही. आपल्या घरांतही 'आपण मूळचे अमुक गडावरचे' असं सांगतातच की. त्याचा कागद कुणी मागत नाही. ते कथा म्हणून ऐकायचं, कागद म्हणून नाही, एवढंच भान ठेवायचं.

कागद सुरू होतो तो भोपाळमध्ये. आणि गंमत म्हणजे त्या कागदावर बोर्बन हे नाव दिसत नाही! 1818 साली भोपाळचे नवाब नजर मुहम्मद आणि इंग्रज यांच्यात तह झाला. त्यात नवाबाच्या बाजूने बोलणी करणाऱ्यांत एक नाव आहे शहजाद मसीह. हेच बल्थाझार बोर्बन. घरात पोर्तुगीज-फ्रेंच वळणाची नावं आणि दरबारात फारसी नावं, अशी या कुटुंबाची रीत होती. साल्वादोर दरबारात इनायत मसीह व्हायचा आणि सेबास्तियन मेहरबान मसीह. मसीह म्हणजे येशू ख्रिस्त. म्हणजे आडनावाच्या जागी त्यांनी आपला धर्मच लावला होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. आम्ही 'जैन' लावतो, ते तरी दुसरं काय आहे?

आपल्या मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. 1812-13 मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला होता. अनेक महिने शहर उपाशी लढलं. तेव्हा हे मसीह कुटुंब भोपाळच्या बाजूला होतं आणि तटाबाहेर होते आपले लोक. लहानपणी शाळेत आम्ही मराठी फौजांच्या स्वाऱ्या वाचल्या त्या मोठ्या अभिमानाने. ज्या शहरावर स्वारी झाली त्याच शहरात संसार केला, तेव्हा कळलं की तटाच्या आतही कुणाच्या तरी चुली असतात.

1819 मध्ये नवाब अचानक वारले आणि त्यांची अठरा वर्षांची बेगम कुदसिया यांनी कारभार हाती घेतला. त्या कठीण वेळी त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मंत्र्यांत शहजाद मसीह होते. भोपाळवर पुढे शंभराहून जास्त वर्षं बहुतेक काळ बायकांचं राज्य होतं. कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान या चौघींपैकी पहिलीचा पाय रोवायला या घराण्याचा हात लागला होता.

पण माझ्या मनात घर केलं ते शहजाद मसीह यांच्या पत्नीने. त्या एका इंग्रज कप्तानाची मुलगी, माहेरचं आडनाव जॉन्स्टन. नवऱ्यामागे त्यांनी जहागीर आणि घराणं कित्येक वर्षं सांभाळलं. लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी 1867 मध्ये भोपाळला आला, तेव्हा सिकंदर बेगमेच्या राज्यात आपल्या देशाच्या राजांचं आडनाव लावणारी ही विधवा बाई भेटून तो चकित झाला. 1875 मध्ये निघालेल्या पुस्तकात त्याने तिच्याबद्दल लिहिलं आणि हे भोपाळचं नाव युरोपात पोचलं. जहांगीराबादच्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या सुरुवातीशीही या घराण्याचं नाव जोडलं जातं.

आता या बाईंचं नाव काय? कुठे इझाबेला लिहिलंय, कुठे एलिझाबेथ. भोपाळमध्ये त्यांना सगळे 'सरकार दुल्हन' म्हणत. म्हातारपणापर्यंत दुल्हनच! बोर्बन हे नाव ज्या बाईने जपलं, तिचं स्वतःचं नाव मात्र नीट एकसारखं उतरवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

आज हे आडनाव लावणारे लोक भोपाळमध्ये अगदी थोडे आहेत. 2007 च्या सुमारास ग्रीसच्या राजघराण्यातल्या एका लेखकाने यावर फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की फ्रान्सच्या गादीचा वारस भोपाळमध्ये सापडला. महिनाभर चर्चा झाली आणि मग विसरली गेली.

भाची म्हणाली, "आत्या, तू राहतेस त्या टी. टी. नगरचं काय?" तिला वाटलं होतं ते कुणा इंग्रजाचं नाव असेल. टी. टी. म्हणजे तात्या टोपे. न्यू मार्केटला रोज येणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसतं. आणि टोपे हेही त्यांचं आडनाव नव्हे. ते येवल्याचे, रामचंद्र पांडुरंग येवलेकर. टोपे हे नाव कुणी टोपीवरून पडलं म्हणतं, कुणी तोफेवरून. गावाच्या नावाला टोपणनावाने झाकलं आणि टोपणनावाची शेवटी दोन अक्षरं उरली. त्यांना पकडून दिलं तेही नरवरच्याच मानसिंगाने, आणि 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीत त्यांना फाशी झाली. बोर्बनांच्या कथेतलं नरवर पुन्हा इथे भेटलं तेव्हा मला दचकायलाच झालं.

मग वळलो घराकडे. माझं सासर बुंदेलखंडातल्या परवार जैनांचं. आडनाव नुसतं 'जैन'. पण सासूबाई सांगत, परवारांत बारा गोत्रं आणि प्रत्येकात बारा मूर, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. लग्न जुळवताना नुसतं बापाचं नाही, आईच्या आणि आजीच्या माहेरचंही मूर बघायचे. याचा अर्थ असा की बायकांची माहेरं लोकांच्या तोंडपाठ असत. काही घरांत 'सिंघई' लावतात, तोही एक मान आहे. ज्यांनी गजरथ काढून पंचकल्याणक केलं, त्यांना समाजाने दिलेला. पुढे शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर सगळीकडे एकच शब्द आला. जनगणनेत आपली संख्या नीट मोजली जावी म्हणून 'जैन' लिहा, असं आपल्या मंडळींनीही सांगितलं. त्यात चूक काहीच नव्हती. पण मूर लिहायला रकाना नव्हता. माझ्या मुलाला त्याचं मूर माहीत नाही.

आणि माहेरचं मगदूम? कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात पाहिजे तेवढे मगदूम भेटतील, जैनही आणि लिंगायतही. पट्टा ओलांडला की नाव थांबतं. भोपाळमध्ये मला आजवर दुसरा मगदूम भेटलेला नाही. हा शब्द अरबी 'मखदूम'वरून आला असं मानतात. मखदूम म्हणजे ज्याची सेवा केली जाते तो, धनी. आमच्या त्या मुलखावर दीड-दोनशे वर्षं आदिलशाही होती. फडणीस, चिटणीस, मुजुमदार ही नावं जशी फारसी दप्तरातून आली, तसंच हेही. म्हणजे कांदा-लसूण न खाणाऱ्या आमच्या घराच्या दारावर अरबी शब्दाची पाटी होती आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता! नावाला जात-धर्म चिकटतो तो नंतर.

माझ्या भावाला दोन्ही मुलीच. आमच्या घरापुरतं मगदूम तिथेच थांबणार, असं आई अधूनमधून म्हणते. त्या रात्री मी आईला फोन लावला. तिच्या माहेरचं मला माहीत होतंच, चौगुले. तिच्या आईचं माहेर? "पाटील," ती लगेच म्हणाली. आणि त्या आजीच्या आईचं? आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "विचारायचं राहूनच गेलं गं. सगळे तिला आक्काच म्हणायचे."

आमची आक्का आणि भोपाळची ती दुल्हन, दोघींचं सारखंच झालं.

भाचीने लग्नानंतर कुठलं आडनाव लावावं, हे मी तिला सांगितलं नाही. ते तिचं ती आणि तिचं घर ठरवेल. मी तिला एक वही दिली. पहिल्या पानावर माझं नाव, माहेर, गाव. खाली आईचं, आजीचं. चौथ्या ओळीत नुसतं 'आक्का' लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली. शिरोळकडच्या एका जुन्या नातेवाईक बाईंना विचारायचं ठरलंय, त्या नव्वदीच्या आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी नव्वदीची बाई असेल. चातुर्मासात किंवा लग्नकार्यात भेटली तर तिच्याजवळ बसा आणि विचारून घ्या. ती सांगेल त्यात थोडी कथा असेल, थोडं खरं असेल. दोन्ही लिहून ठेवा, फक्त वेगवेगळ्या शाईने.