पुण्याहून बोस्टनला, विजेच्या शिक्षणासाठी

१८८२ च्या सप्टेंबरात एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजघर सुरू केले. त्याच वर्षी जर्मनीत डार्मश्टाटला एरास्मुस किट्लर यांच्यासाठी विद्युत अभियांत्रिकीचे अध्यासन निर्माण झाले आणि बोस्टनच्या एमआयटीत, भौतिकशास्त्र विभागाच्या छपराखाली, या विषयाचा अभ्यासक्रम उघडला. त्याच सुमारास एमआयटीत पुण्याचे केशव मल्हार भट दाखल झाले. तिथले ते पहिले भारतीय विद्यार्थी.

पुण्याला बोस्टन का सुचावे? इंजिनियरिंगचे वर्ग पुण्यात १८५४ पासून भरत होते, पण तिथून माणसे बाहेर पडत ती सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी. रस्ते, पूल, कालवे. टिळक-आगरकरांच्या पिढीला हवे होते कारखाने, आणि त्यांच्या वर्तुळातल्या ‘मराठा’ पत्राने एमआयटीची तोंडभरून स्तुती केली. विलायतेत इंजिनियर घडे तो मुख्यतः कारखान्यातल्या उमेदवारीतून, आणि हिंदी तरुणाला तशी उमेदवारी देण्यास तिथले मालक फारसे राजी नसत. एमआयटीत तेच ज्ञान वर्गात आणि प्रयोगशाळेत मिळे. पारखून केलेल्या निवडीपेक्षा उघडे दार शोधण्याचाच हा भाग अधिक होता.

पुढे देशातही दार उघडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले तेव्हा सुरुवातीच्या विभागांत विद्युत तंत्रज्ञान होते. विभागप्रमुख आल्फ्रेड हे. संस्थेमागे टाटांचा पैसा होता आणि १९१५ मध्ये टाटांचेच खोपोलीचे जलविद्युत केंद्र मुंबईला वीज पुरवू लागले. तरी शंतनुराव किर्लोस्करांना घरच्यांनी १९२२ मध्ये एमआयटीलाच धाडले. ते शिकले यांत्रिकी, १९२६ मध्ये परतले ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात. घरचा कारखाना असला की कुठे आणि काय शिकायचे हे तोच ठरवतो.

खरा पालट दुसऱ्या महायुद्धानंतरचा. रडारच्या कामामुळे अमेरिकन विद्यापीठांत संशोधनाला सरकारी पैसा आला आणि त्यातून विद्यार्थ्याला संशोधन सहायकाचे वेतन मिळू लागले. गरीब घरातल्या हुशार मुलाला अमेरिका परवडू लागली ती यामुळे, वडिलांच्या जमिनीमुळे नव्हे!

१९३५ मध्ये पुण्यात जन्मलेल्या, मल्याळी घरातल्या थॉमस कैलाथ यांची कथा इथलीच. १९५६ मध्ये त्यांनी पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून दूरसंचाराची पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी ते एमआयटीत संशोधन सहायक झाले. वेळ अशी साधली की क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेला माहिती सिद्धांत नुकता कुठे तारुण्यात येत होता, खुद्द शॅनन बेल प्रयोगशाळा सोडून एमआयटीत येत होते आणि रॉबर्ट फानो, जॉन वोझनक्राफ्ट तिथे होतेच. त्या काळी या विषयासाठी याहून योग्य पत्ता जगात नव्हता. कैलाथ यांनी १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची डॉक्टरेट घेणारे ते भारतात जन्मलेले पहिले विद्यार्थी.

दरम्यान सरकारने एमआयटीच इथे उभी करायचे ठरवले. उच्च तंत्रशिक्षणाचा विचार करणाऱ्या १९४६ च्या सरकार समितीच्या अहवालात तिचा नमुना समोर होता. खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये सुरू झाली, तर मुंबईची १९५८ मध्ये, तीही युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदतीने. कानपूरला मात्र नऊ अमेरिकन विद्यापीठांचा गट आला आणि त्यात एमआयटी होती. विद्यार्थ्यांनी यातून वेगळाच अर्थ काढला: बी. टेक. इथे, एम. एस. तिथे. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने शिक्षणानंतर तिथेच राहणेही सोपे केले.

कैलाथ १९६३ मध्ये स्टॅनफर्डला शिकवायला गेले. तिथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट करणाऱ्यांची संख्या ऐंशीच्या घरात पोचली. पुढे स्टॅनफर्ड निवडणाऱ्या कित्येकांच्या अर्जामागे कैलाथ हे नाव होते.