रौजातली ओली काच

माझ्या कादंबरीचा नायक 1863 साली कॅमेरा घेऊन खुलताबादेत, तेव्हाच्या रौजात, येतो. साल आधी ठरवलं, प्रेम मागाहून. कारण छायाचित्र काढायची त्या काळची रीतच दोन माणसांना किती जवळ येता येईल ते ठरवत होती.

शेजारची वेरूळची लेणी त्याच सुमारास मेजर रॉबर्ट गिलने टिपली. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमला गेला होता. अजिंठा-वेरूळच्या त्याच्या 74 छायाचित्रांचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 मध्ये निघालं. गिल आणि अजिंठ्याच्या परिसरातली पारो यांची प्रीत कवी महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्याने मराठी वाचकांच्या मनात कायमची रुजवली. पारो 1856 मध्ये गेली. त्या कथेत कुंचला आहे. मला कॅमेऱ्याची कथा हवी होती.

तेव्हाची रीत अशी: काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती काच काळोख्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात चढवायची आणि सुकण्याआधी परत तंबूत नेऊन चित्र उमटवायचं. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. आमच्याकडच्या वैशाखात तेवढीही नाहीत. एकट्या माणसाला हे भारी पडतं. पाणी लागतं, भरपूर आणि स्वच्छ. म्हणून माझी नायिका येळगंगेचं पाणी घेऊन येते आणि हळूहळू काच धरायला शिकते. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडतात आणि तो डाग कितीही घासला तरी दिवसच्या दिवस निघत नाही. तिच्या आईला सगळं कळतं ते त्या बोटांवरून. चोरून लिहिलेली चिठ्ठी सापडण्यापेक्षा मला हे कितीतरी खरं वाटतं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. या काचेला लाल रंग दिसत नसे. लाल लुगडं, कपाळावरचं कुंकू काळंच उमटायचं; निळं आभाळ मात्र पांढरंफटक. नायक तिचं चित्र तिच्यासमोर धरतो तेव्हा कपाळावरचा तो काळा ठिपका बघून ती चरकते. हा प्रसंग मला त्या रसायनानेच दिला.

दुसरा भाग 1892 मधला. तोवर कोरड्या काचा आल्या होत्या, तंबू गेला होता. निझामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी त्या वर्षी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला; तिथे फोटो घेणारीही बाईच, एक इंग्रज बाई. खुलताबाद निझामाच्याच राज्यात. तेव्हा नायिकेची मुलगी फोटो काढून घ्यायला हैदराबादला जाते, आणि आईलाही सोबत नेते.